निष्ठा गावाची, मालकी धन्याची

अमेरिकेतील बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ संघांच्या नावाआधी कुठल्या ना कुठल्या शहराचे, राज्याचे किंवा प्रदेशाचे नाव येते. तिसावा संघ मात्र २०२५ च्या मोसमापासून नुसताच ‘अ‍ॅथलेटिक्स’ म्हणवून घेतो. १९६८ ते २०२४ असे ५७ मोसम तो कॅलिफोर्नियातील ओकलंड या बंदराच्या शहरात नांदला. तेथून उठून तो सॅक्रामेंटोलगतच्या एका लहान मैदानावर तात्पुरत्या बिऱ्हाडाला आला. आणि २०२८ साली नेवाडा राज्यातील लास व्हेगास येथे नव्या क्रीडागारात गृहप्रवेश करण्याचा त्याच्या मालकाचा संकल्प आहे. जुने गाव सोडले, नवे गाव अजून दूर आहे, आणि मधल्या मुक्कामाचे नाव लावण्याची मालकाला गरज वाटली नाही. असा हा बिनगावाचा संघ आहे.

बेसबॉल हा आपला खेळ नव्हे. त्याचे नियम ठाऊक असणारा वाचक आपल्याकडे शंभरात एखादाच निघेल. तरीही या संघाची हकिकत आपण समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात गुंतलेला प्रश्न खेळापुरता राहत नाही. संघाशी एकनिष्ठ राहायचे म्हणजे नेमके कोणाशी एकनिष्ठ राहायचे, आणि त्या निष्ठेच्या बदल्यात निष्ठावंताला काही हक्क प्राप्त होतो काय, हा तो प्रश्न होय.

वाजंत्र्यांची गाडी

क्रीडारसिकांचे दोन पंथ मानण्याची रूढी जगभर आहे. पहिला पंथ गावकऱ्यांचा. संघ हरो वा जिंको, तो आपल्या गावचा आहे एवढे कारण त्यांना पुरते. दुसरा पंथ वाऱ्याबरोबर पाठ फिरवणाऱ्यांचा. विजयाच्या वर्षी त्यांच्या डोक्यावर संघाची टोपी चढते आणि पराभवाच्या वर्षी ती कपाटात जाते. अमेरिकेत या दुसऱ्या पंथाला ‘बँडवॅगनवाले’ म्हणतात. पूर्वी तेथे सर्कशीच्या किंवा निवडणुकीच्या मिरवणुकीत अग्रभागी वाजंत्र्यांची सजवलेली गाडी असे. वाजतगाजत निघालेल्या त्या गाडीवर आयत्या वेळी उडी मारून बसणारा तो बँडवॅगनवाला. आपल्याकडे यासाठी ‘जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो’ ही म्हण पूर्वापार आहेच.

अर्थशास्त्राने या वृत्तीची गंभीरपणे दखल घेतली आहे. मागणी ही किंमत, उत्पन्न आणि आवड यांवर अवलंबून असते व प्रत्येक ग्राहक आपला निर्णय स्वतंत्रपणे घेतो, असे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. हार्वे लायबेन्स्टाईन या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली एका निबंधात या गृहीतकाला छेद दिला. काही वस्तूंची मागणी इतर लोक त्या घेत आहेत एवढ्याच कारणाने वाढते, हे त्याने मांडले आणि या परिणामाला ‘बँडवॅगन’ हेच नाव दिले. अशा वस्तूची मागणी चढते तेव्हा झपाट्याने चढते; उतरतानाही तितक्याच झपाट्याने उतरते.

मानसशास्त्रानेही याला दुजोरा दिला. रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे घालून येणारांची संख्या वाढे. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना विद्यार्थी ‘आपण जिंकलो’ म्हणत. हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे त्यांचा कल असे. सर्वनामाचा हा बदल आपल्या कचेऱ्यांत आणि शिक्षकांच्या खोल्यांत क्रिकेटच्या दुसऱ्या दिवशी ऐकू येत नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

तेव्हा बँडवॅगनवाल्याची निंदा करणे जितके सोपे तितकेच ते थोडे ढोंगीपणाचेही आहे. मोजक्या पगारातून तिकीट काढणाऱ्या माणसाने चांगला खेळ पाहायला मिळेल तेथे जावे, यात अनैतिक ते काय? साबण वाईट निघाला तर आपण दुसरा आणतो. त्यासाठी कोणी आपल्याला फितूर ठरवीत नाही. परंतु गावचा संघ आणि साबण यांत एक मूलभूत भेद आहे. मेजर लीगमधील संघ मोसमात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले निम्मे, म्हणजे ८१, घरच्या मैदानावर. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ दररोज तो त्या शहराच्या सोबतीला असतो. संध्याकाळी घरात रेडिओवर त्याचेच समालोचन चालू असते. आजोबांनी ज्या बाकावर बसून सामना पाहिला त्याच्या आसपास नातू बसतो. या सहवासातून जे निर्माण होते त्यात खेळाडूंचा वाटा जेवढा, तेवढाच प्रेक्षकांचाही असतो. म्हणजे येथे ग्राहक हा वस्तूचा सहउत्पादकही आहे. लायबेन्स्टाईनच्या सिद्धांतात न मावणारी गोष्ट ती हीच.

मिलवॉकी आणि शिकागो

लाटेवर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे ठसठशीत उदाहरण विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराचे आहे. बॉस्टन शहरात ‘ब्रेव्ह्‌ज’ नावाचा संघ होता. १९५२ च्या मोसमात त्याच्या घरच्या सामन्यांना सुमारे २ लाख ८१ हजार प्रेक्षक आले. १९५३ साली मालकाने संघ मिलवॉकीला नेला आणि पहिल्याच वर्षी तो आकडा १८ लाखांवर गेला. १९५७ साली या संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपद, पटकावले. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक लोक मैदानावर आले. पुढे अजिंक्यपद हुकू लागले आणि गर्दी ओसरली. १९६२ साली प्रेक्षक पावणेआठ लाखांच्या घरात आले. मिलवॉकीतील १३ मोसमांपैकी एकाही मोसमात या संघाच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. संघ वाईट झाला नव्हता. फक्त मिरवणूक संपली होती. नव्या मालकांनी मग अटलांटाकडे डोळे लावले आणि १९६६ साली संघ तेथे गेला.

या कथेचे तात्पर्य ‘प्रेक्षक चंचल म्हणून संघ गेला’ एवढेच काढले जाते. ते अर्धे खरे आहे. चंचल प्रेक्षकांनी मालकाच्या हाती सबब दिली, हे मान्य केले पाहिजे. पण ज्या मालकाने बॉस्टन सोडून मिलवॉकी गाठली आणि ज्या मालकांनी मिलवॉकी सोडून अटलांटा गाठली, ते काय करीत होते? तेही वाजंत्र्यांच्या गाडीवरच उडी मारीत होते. प्रेक्षकाने केले तर ती फितुरी आणि मालकाने केले तर तो व्यवहार, ही भाषा न्यायाची नव्हे.

याच्या उलट टोकाला शिकागोचा ‘कब्ज’ संघ आहे. १९०८ साली त्याने अजिंक्यपद मिळवले आणि त्यानंतरचे अजिंक्यपद त्याला लाभले ते २०१६ साली. मधल्या १०८ वर्षांत दोन-तीन पिढ्या आशेवर जगल्या आणि आशा उराशी धरूनच गेल्या. वेलींनी आच्छादलेल्या भिंतींचे रिग्ली फील्ड हे त्यांचे मैदान मात्र संघ हरत असतानाही अनेकदा भरलेले असे. अखेरच्या दशकांत तर ते पराभवाच्या मोसमांतही गजबजलेले असे. हे प्रेम हृद्य आहे, यात संशय नाही. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक शंका विचारल्यावाचून राहणार नाही. संघ हरला तरी तिकिटे खपतातच, असे एकदा कळल्यावर संघ सुधारण्यासाठी मालकाने पैसा कशासाठी ओतावा? विनाअट निष्ठा ही मालकाच्या दृष्टीने विम्यासारखी असते. हप्ता प्रेक्षकाने भरायचा आणि संरक्षण मालकाला मिळायचे, असा हा व्यवहार होतो.

आणि हा हप्ता भरूनही हमी मिळत नाहीच. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा ‘डॉजर्स’ संघ सात वेळा वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचून पराभूत झाला. प्रत्येक वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत ब्रुकलिनकर पुन्हा मैदानावर गेले. १९५५ साली त्यांची तपश्चर्या फळाला आली. अवघ्या दोन वर्षांनी, १९५७ चा मोसम संपताच, मालकाने संघ लॉस एंजेलिसला हलवला. संघ तोट्यात नव्हता. दूरच्या शहरात अधिक नफा, ऐसपैस जागा आणि मोठी बाजारपेठ होती, एवढेच. १९६० साली ब्रुकलिनचे ते मैदान पाडून टाकण्यात आले.

पाठ, आवाज आणि निष्ठा

मिलवॉकीच्या चंचलतेने संघ राहिला नाही आणि ब्रुकलिनच्या निष्ठेनेही राहिला नाही. मग मार्ग कोणता? या ठिकाणी आल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनाची आठवण होते. एखादी संस्था घसरणीला लागली की तिच्या लोकांपुढे दोन मार्ग असतात, असे ते म्हणतात. एक, पाठ फिरवून निघून जाणे. दुसरा, राहून आवाज उठवणे. निष्ठेचे कार्य या दोहोंच्या मध्ये आहे. निष्ठा माणसाला चटकन निघून जाऊ देत नाही, आणि म्हणूनच आवाज उठवण्यास अवधी मिळतो. मुकाट्याने सोसणे ही हर्शमन यांच्या अर्थाने निष्ठेची परिपूर्ती नव्हे. जी बोलते आणि प्रसंगी निघून जाण्याचा धाकही घालू शकते, तीच निष्ठा संस्थेला सुधारते.

ओकलंडच्या प्रेक्षकांनी हे पुस्तक वाचले होते की नाही, हे सांगता येणार नाही. पण त्यांनी ते आचरून दाखवले. १९७२, १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ तीन वर्षे, आणि पुन्हा १९८९ साली, अजिंक्यपद जिंकणारा हा संघ. २०२१ नंतर त्यातील नामवंत खेळाडू एकामागून एक इतर संघांकडे पाठवण्यात आले. २०२३ साली खेळाडूंच्या वेतनावर मेजर लीगमध्ये सर्वांत कमी खर्च करणारा संघ हाच होता, आणि त्या मोसमात त्याने ५० सामने जिंकून ११२ गमावले. साहजिकच प्रेक्षक रोडावले. तेव्हा मालकपक्षाकडून आणि लीगच्या धुरीणांकडून ओसाड बाकांकडे बोट दाखवण्यात येऊ लागले. प्रेक्षकांची कोंडी अशी झाली की, घरी बसावे तर ‘शहराला संघाची चाड नाही’ असा पुरावा तयार होतो, आणि मैदानावर जावे तर ज्याच्यावर रोष आहे त्याच मालकाच्या गल्ल्यात पैसे पडतात.

या कोंडीतून त्यांनी अभिनव वाट काढली. १३ जून २०२३ रोजी त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला. म्हणजे ठरवून, एकजुटीने, मैदानावर यायचे. एरवी जेथे दहा हजारही जमत नव्हते तेथे त्या मंगळवारी २७,७५९ प्रेक्षक जमले. हिरव्या सदऱ्यांवर ‘विका’ हा एकच शब्द छापलेला होता आणि तीच घोषणा सामनाभर दुमदुमत राहिली. संघ आम्हाला नको असे नाही. तो ज्याला हवा आहे अशा धन्याला विका, हे त्यांचे म्हणणे होते. योगायोग असा की, त्या रात्री तळाचा हा संघ त्या मोसमातील आघाडीच्या टँपा बे संघाविरुद्ध जिंकला.

परिणाम काय झाला? त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासमधील नव्या क्रीडागारासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचे सार्वजनिक साहाय्य मंजूर केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्व ३० संघांच्या मालकांनी एकमुखाने स्थलांतराला संमती दिली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमध्ये अखेरचा सामना झाला, तेव्हा निरोप द्यायला ४६,८८९ लोक आले होते. शहराला ही तिसरी ठेच होती. बास्केटबॉलचा संघ २०१९ साली खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला आणि फुटबॉलचा संघ २०२० साली लास व्हेगासला आधीच निघून गेला होता.

हक्काविना निष्ठा

एवढा बुलंद आवाज वाया का गेला? कारण आवाजाला पाय टेकायला जमीन नव्हती. संघाची संख्या ३० वर रोखून धरणे मालकांच्याच हाती आहे. संघ हवा असलेली शहरे संघांहून नेहमी अधिक राहतील, अशी ही व्यवस्था आहे. मग शहरेच एकमेकांविरुद्ध बोली लावतात आणि बोलीचा पैसा करदात्याच्या खिशातून जातो. ही मक्तेदारीची साधी, पाठ्यपुस्तकात शोभणारी रीत झाली. विलक्षण गोष्ट अशी की, तिला न्यायालयाची मान्यता आहे. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे. सबब मक्तेदारीविरोधी कायदे त्याला लागू होत नाहीत. १९५३ व १९७२ साली न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. १९९८ च्या कायद्याने खेळाडूंच्या सेवाशर्तींपुरती ही सवलत काढून घेतली, संघांच्या स्थलांतराला मात्र हात लावला नाही. मिलवॉकीसाठी विस्कॉन्सिन राज्य न्यायालयात गेले, तेव्हा १९६६ साली त्याची डाळ शिजली नाही ती याच खडकावर.

तथापि इलाज अगदीच नाही असे नव्हे. क्लीव्हलंडचा फुटबॉल संघ १९९५ च्या मोसमानंतर बाल्टिमोरला गेला, तेव्हा शहराने झगडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडकडेच राहिला, आणि १९९९ साली त्याच नावाने नवा संघ तेथे उभा राहिला. पाठोपाठ १९९६ साली ओहायो राज्याने कायदा केला: करदात्यांच्या पैशाचा लाभ घेतलेल्या संघाने गाव सोडण्याआधी सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. कोलंबस शहराचा सॉकर संघ टेक्सासला नेण्याची खटपट झाली, तेव्हा २०१८ साली राज्याने या कायद्याचा आधार घेतला आणि अखेर संघ स्थानिक मालकांकडे येऊन तेथेच राहिला. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे या सुमारे लाखभर वस्तीच्या गावाचा फुटबॉल संघ तर १९२३ पासून गावकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा आहे. भागधारकांना लाभांश मिळत नाही. संघ गावात राहतो हाच त्यांचा लाभांश. एवढ्या लहान गावातून संघ हलला नाही, याचे कारण तेथील लोक इतरांहून सद्गुणी आहेत असे नाही. त्यांची निष्ठा भागपत्रावर लिहिलेली आहे, हे ते कारण होय.

आपल्या अंगणात

शहराच्या नावाने संघ आणि मालकी खाजगी, ही अमेरिकन रचना २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगच्या रूपाने आपल्याकडेही रुजली आहे. पुणेकरांना तिचा अनुभव दोनदा आला. ‘पुणे वॉरियर्स’ २०११ साली आले आणि २०१३ नंतर नाहीसे झाले; दुसरा संघ २०१६ व २०१७ अशा दोन मोसमांपुरताच होता. दोन्ही वेळा संघ येण्याजाण्याच्या निर्णयात प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. पुढे २०१८ साली कावेरीच्या पाणीतंट्यामुळे चेन्नईचे सामने पुण्यात हलवावे लागले, तेव्हा चेन्नईहून रेल्वेची एक खास गाडी भरून त्या संघाचे चाहते पुण्यापर्यंत आले. एवढा लांबचा प्रवास सोसणाऱ्या त्या माणसांना बँडवॅगनवाले म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण त्यांच्याही निष्ठेला कागदोपत्री किंमत शून्यच आहे.

आणि आपल्या बाजूने हेही कबूल केले पाहिजे की, रणजी करंडक ४२ वेळा जिंकणारा मुंबईचा संघ, जो कोणा एका धन्याच्या मालकीचा नाही आणि गाव सोडून कुठेही जाणार नाही, त्याच्या सामन्यांना बाके बहुधा रिकामीच असतात. जेथे वाजंत्री वाजते तेथेच आपणही जातो.

म्हणूनच प्रेक्षकाच्या चंचलतेवर प्रवचने झोडून भागणार नाही आणि मालकांच्या लोभाला शिव्याशाप देऊनही भागणार नाही. निष्ठा ही भावना असली तरी तिच्यातून निर्माण होणारी पत ही संपत्ती आहे. ‘ओकलंड’, ‘ब्रुकलिन’ किंवा ‘पुणे’ या नावाला बाजारात जी किंमत येते ती मालकाने निर्माण केलेली नसते. ती त्या गावातील माणसांच्या संध्याकाळींनी साठवलेली असते. ज्या नावावर पैसा मिळवायचा त्या नावाच्या धन्यांना थोडा तरी अधिकार असावा, ही मागणी अवाजवी नाही. सार्वजनिक जमीन, पाणी, वीज वा पैसा घेणाऱ्या संघाने निघण्यापूर्वी गावाला विचारावे, विकायचे झाल्यास पहिला हक्क गावाचा असावा, आणि संघ गेलाच तर नाव व इतिहास मागे ठेवून जावे, एवढे तीन नियम कोणत्याही नगरपालिकेला मैदानाच्या करारात लिहून घेता येतील. ते करार करण्याच्या वेळीच लिहून घ्यावे लागतात. संघ जिंकत असतो, मिरवणूक रंगात आलेली असते आणि अशा रूक्ष कलमांची आठवण काढणारा माणूस कोणालाच आवडत नसतो, नेमकी तीच ती वेळ असते.